पानं कुणीकडे बघतात

संशोधन केंद्रात तिला सगळे मॉडेलबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. घरी मात्र या नावाने एकदा चांगलीच गंमत उडवून दिली होती. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आमची सून मॉडेलचं काम करते." त्यावर त्या भल्या माणसाने तिचा जाड चष्मा, विस्कटलेली वेणी आणि खांद्यावरून घसरणारी पिशवी इतकी निरखून पाहिली, की तिला हसू आवरेना.

तिचं मॉडेल म्हणजे संगणकात पेरलेलं शेत. आकड्यांची पानं, आकड्यांची माती, आकड्यांचा सूर्य. पानं किती दाट आहेत, किती कलंडलेली आहेत, सूर्य किती वर आलाय हे सांगितलं, की वरून बघणाऱ्याला ते शेत किती उजळ दिसेल ते मॉडेल सांगायचं. त्याच्या उलटही करता यायचं. उपग्रहाने वरून टिपलेला उजेड मॉडेलला दिला, की खाली शेतात पानं किती असतील ते कळायचं. मग त्याचे नकाशे व्हायचे, आणि कालव्याचं पाणी कुठल्या भागाला किती सोडायचं हे ठरवताना पाण्याच्या कचेरीतले लोक ते नकाशे समोर ठेवायचे. बारा-पंधरा वर्षं ती हेच करत आली होती, आणि तिला ते मनापासून आवडत होतं. पानावर पडलेला उजेड थोडा गिळला जातो, थोडा परत फिरतो, थोडा आरपार जाऊन खालच्या पानाला भेटतो. या सगळ्या धावपळीचा हिशेब कागदावर बसवायचा, यात तिचा जीव रमायचा.

तिच्या खोलीत दुसरं टेबल होतं मीटररावांचं. हेही टोपणनावच. ते शेतात जाऊन मोजायचे. दांडीच्या टोकाला बसवलेलं उजेड मोजायचं यंत्र पिकावर धरायचं, मग तेच पांढऱ्या पाटीवर धरायचं, आणि पाटीच्या मानाने पीक किती उजळ आहे ते टिपायचं. यंत्र ते स्वतःच्या मांडीवर घेऊन प्रवास करायचे. त्यांच्या टेबलाखाली वर्तमानपत्रावर चिखलाचे बूट असायचे आणि टेबलावर सतत कसली तरी वाळलेली पानं. मॉडेलबाईंच्या बाजूला हिरवं म्हणावं असं काही नव्हतं, पडदा सोडला तर.

"तुम्ही शेतात शेवटचं कधी गेला होतात?" मीटरराव अधूनमधून विचारायचे.

"रोज जाते," ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणायची. "इथे चिखल होत नाही."

दोघांचं असं बरं चाललं होतं. गाडी अडली ती सोयाबीनपाशी.

कालव्यापलीकडच्या सोयाबीनचे आकडे काही केल्या जुळेनात. पिकाला पाणी मिळून चार-पाच दिवस होईपर्यंत सगळं ठाकठीक असायचं. मग जमीन सुकत जाई तसं मॉडेल म्हणू लागे, की शेतातली पानं कमी झाली. पाण्याची पाळी जवळ येईपर्यंत निम्मी पानं गायब. आणि पाणी दिलं, की दोन दिवसांत सगळी पानं परत हजर. गळलेली पानं काही देठाला पुन्हा चिकटत नाहीत. मीटरराव तर शपथेवर सांगत होते, की त्यांनी पानं मोजली आहेत आणि ती आहेत तेवढीच आहेत.

"मग तुमच्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

"उपग्रहाचंही तेव्हाच बिनसतं का?"

हा प्रश्न तिलाही खटकला. पण मॉडेल इतर पिकांवर चोख चालत होतं, त्यामुळे संशयाची सुई यंत्रावरच राहिली. यंत्र दुरुस्तीला गेलं, आणि कसलाच दोष नाही असा निर्वाळा घेऊन परत आलं. केंद्राच्या साहेबांनी तेवढ्यावर समाधान न मानता ते पुन्हा पाठवलं. दुसऱ्या वेळीही तेच. त्यानंतर मीटररावांचा नूरच बदलला. आधी वाचन घेताना, म्हणजे यंत्रावरचे आकडे टिपताना, ते गुणगुणायचे म्हणे, ते बंद झालं. एकदा तिने त्यांना एकाच पानाची दहा दहा वाचनं घेताना पाहिलं, तेही खोलीत, खिडकीजवळ. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडालेला माणूस कसा दिसतो ते तिला तेव्हा कळलं, आणि उगाचच अपराधी वाटलं.

अशात मीटररावांच्या मुलीचे दिवस भरण्याआधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मीटरराव हातातलं काम टाकून धावले, आणि जाता जाता दारातून म्हणाले, "उद्याचं वाचन राहिलं."

उद्याचं वाचन चुकवून चालणार नव्हतं. उद्या दुपारी उपग्रह डोक्यावरून जाणार होता, आणि परवा त्या शेताला पाणी सुटणार होतं. सगळ्यात कोरड्या दिवसाचे आकडे हवे असतील तर उद्याच. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत मॉडेलबाईंशिवाय कुणीच नव्हतं.

"मला यंत्र धरता येतं," ती म्हणाली, "पण व्हॅन चालवता येत नाही. आणि ड्रायव्हर रजेवर आहे."

संध्याकाळी घरी हे तिने सांगितलं मात्र, सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "मी चालवतो की."

सासरे सारा जन्म बंदरावर क्रेन चालवत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवत असायचे. घरातलं प्रत्येक कपाट त्यांनी एकदा तरी इकडचं तिकडे केलं होतं. नवरा एक्स-रे काढण्याच्या कामावर होता आणि त्याची पाळी सकाळची, त्यामुळे तो सुटला. तो हसून म्हणाला, "जा बाबांना घेऊन. पण ते पहाटेच उठवतील, सांगून ठेवतो."

तसंच झालं. उपग्रह यायचा दुपारी जेवणाच्या सुमाराला, पण सासऱ्यांना बंदराची सवय. उजाडता उजाडता ते बूट घालून दारात तयार.

"बाबा, एवढ्या लवकर जाऊन करायचं काय?"

"रस्ता मोकळा मिळतो. आणि गेल्यावर बघू काय करायचं ते. चहा थर्मासमध्ये भरलाय."

शेत लांबलचक होतं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला गाडीवाट. शेताची मालकीण सकाळची कामं आटपून परत निघालीच होती. धिप्पाड, हसतमुख बाई. "आज मीटरराव नाहीत?" तिने विचारलं. ते आजोबा होताहेत असं कळल्यावर म्हणाली, "मग आता त्यांच्या मांडीवर यंत्राला जागा नाही. तुम्ही मोजा खुशाल. ओळीतून चाला म्हणजे झालं." आणि ती गेली.

नुसतं बसून राहण्यापेक्षा हाताला सवय व्हावी म्हणून तिने यंत्र बाहेर काढलं. सासऱ्यांना पांढरी पाटी दिली. "ही सपाट धरायची. आणि तुमची सावली तिच्यावर पडू द्यायची नाही."

"वीस वीस टनांचे खोके सपाट ठेवलेत मी. एका पाटीचं काय घेऊन बसलीस."

पाटी पहिल्यांदा वाकडीच होती, ती तिने हळूच सरळ केली. कमरेएवढ्या पिकात ती दांडी धरून चालू लागली. पानांवर दव होतं, तिची सलवार गुडघ्यापर्यंत भिजली, शिंकांनी हैराण केलं. तरी बरं वाटत होतं. तीन-तीन पानांचे झुबके, रुंद, मऊ, उन्हाकडे तोंड करून पसरलेले. आपण इतकी वर्षं जिचं गणित मांडतो ती वस्तू एवढी लवलवीत असते, हे ती विसरून गेली होती.

पाच-सहा ठिकाणी मोजून ती व्हॅनमध्ये येऊन बसली आणि मांडीवरच्या संगणकात आकडे टाकले. आणि तिच्या भुवया वर गेल्या. आकडे जुळत होते. केसाचाही फरक नाही. मॉडेल सांगत होतं, शेतात पानं भरपूर आहेत. आणि ती तर समोर दिसतच होती.

"जुळलं," ती म्हणाली.

"मग निघायचं?"

"छे. कालपर्यंत न जुळणारं आज एकदम जुळलं, म्हणजे मीच काहीतरी चुकले असणार."

सासऱ्यांना हे तर्कशास्त्र काही पटलं नाही. पण घरी जाऊन तरी काय करायचं होतं? त्यांनी उकडलेली अंडी सोलायला घेतली. तिने अधूनमधून वाचन घेणं चालू ठेवलं. ऊन तापलं, दव उडून गेलं, वारा पडला. आणि दुपार जवळ येऊ लागली तसे आकडे सरकायला लागले. आधी थोडेसे. मग चांगलेच. मॉडेलच्या हिशेबाने शेतातली पानं तिच्या डोळ्यांदेखत कमी होत होती.

यंत्र तापलं असेल? तिने ते सावलीत ठेवलं, पाटीवर पुन्हा धरून पाहिलं. पाटीचे आकडे सकाळसारखेच शहाण्यासारखे. पिकावर धरलं की घोळ. बाई, तुझी सावली पडत असेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि हात लांब करून पुन्हा मोजलं. तोच घोळ. मीटररावांनी हे किती वेळा केलं असेल, एकट्याने, या उन्हात, आणि मागे खोलीत बसून आपण त्यांना काय काय म्हणालो, हे आठवून तिला कसंनुसं झालं.

एवढ्यात वरून हाक आली. सासरे व्हॅनच्या मागची शिडी चढून टपावर जाऊन बसले होते. उंचावर बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अगं, हे शेत रंग बदलतंय बघ."

"ऊन चढलं की डोळ्यांना तसं वाटतं, बाबा. आणि खाली उतरा आधी, गुडघे सांभाळा."

"गुडघे माझे आहेत. सकाळी इथून हिरवंगार दिसत होतं. आता राखाडी मारतंय. तू ये तर खरी."

तिला शिड्यांची भीती वाटायची. तरी यंत्र सीटवर ठेवून ती चढली. सासऱ्यांनी हात देऊन वर घेतलं. आणि पाहते तर खरोखरच शेतावर कुणीतरी पिठाचा हात फिरवावा तसं दिसत होतं. फिकट, रुपेरी, ठिकठिकाणी खालची माती डोकावणारं. कालव्याला लागून जिथे ओल झिरपत होती तिथला पट्टा मात्र सकाळसारखाच गडद हिरवा.

ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. मग उतरली, जवळजवळ घसरतच, आणि पहिल्याच ओळीत उकिडवी बसली. सकाळची रुंद पसरलेली पानं आता तशी नव्हती. झुबक्यातलं मधलं पान उलटं वळून पाठ दाखवत होतं, आणि ती पाठ फिकी, बारीक लव असलेली. बाजूची दोन पानं कडेवर उभी राहिली होती, जणू उन्हाला अंग चोरून वाट देत होती. हे एक झाड असं असेल म्हणून तिने दुसरं पाहिलं, मग पलीकडच्या ओळीतलं. सगळी तशीच. पान एकही गळलं नव्हतं. तहानलेल्या झाडांनी उन्हाकडे पाठ फिरवली होती, इतकंच.

"काय सापडलं?" सासरे वरून.

"बाबा, मी मॉडेलमध्ये काय धरलंय माहीत आहे का? पानं चारी दिशांना सारखीच तोंडं करून असतात, आणि सकाळी जशी असतात तशीच दिवसभर. पोट आणि पाठ एकाच रंगाची."

"आणि ती तशी नसतात?"

"गव्हाची असतील. ही नाहीत. ही सूर्याकडे बघून वागतात."

सासरे थोडा विचार करून म्हणाले, "मग तेवढं बदल की."

तेवढं बदलायला किती दिवस लागणार आहेत याची तिला कल्पना होती, तरी त्या क्षणी ते खरंच तेवढंच वाटलं. तिने सासऱ्यांना खाली बोलावलं, पाटी हातात दिली, आणि दोघं कामाला लागली. उपग्रह आपल्या वेळेला न दिसता डोक्यावरून गेला. तिने कोरडं शेत मोजलं, कालव्याकडचा ओला पट्टा मोजला, पानांचे कोन मोजले, उलटी पानं वेगळी मोजली. सासरे आकडे मोठ्याने पुन्हा म्हणायचे, बंदरावर म्हणायचे तसे, म्हणजे चूक होत नाही. ऊन उतरायला लागलं तशी पानं हळूहळू सैल पडली, पोटं वर झाली, आणि आकडे आल्या वाटेने परत मॉडेलपाशी येऊन टेकले.

परतताना मालकीण भेटली. तिला हे सांगितल्यावर ती चकित झाली. "मी सकाळी येते नाहीतर संध्याकाळी. भर दुपारी शेतात कोण येतं? मी झोपलेली असते."

मॉडेलबाईंच्या मनात आलं, खरंच. मालकीण दुपारी येत नव्हती. मीटरराव फक्त दुपारी यायचे, कारण उपग्रह दुपारी यायचा. कोरड्या दिवसांत त्यांनी शेत पाठ फिरवलेलंच पाहिलं, सकाळचं कधी नाही, त्यांना ते तसंच वाटणार. आणि आपण तर मुळी आलोच नाही.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मीटरराव बाहेर बाकावर बसले होते, दोन रात्रींची दाढी वाढलेली, पण चेहरा फुललेला. नात झाली होती. लहानशी होती, पण दोघी सुखरूप.

तिने अभिनंदन केलं, तोच त्यांनी विचारलं, "यंत्र पाडलं नाहीत ना?"

"नाही. यंत्र चांगलं आहे. अगदी पहिल्यापासून चांगलं होतं."

तिने सगळं सांगितलं. सकाळचे आकडे, दुपारचे आकडे, टपावरून दिसलेलं शेत. तिने एक पान आणलं होतं, ते पालथं करून दाखवलं. मीटररावांनी ते हातात घेतलं आणि दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या.

"पाठ फिकी असते हे मला माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "हजार वेळा पाहिलंय. डोक्यातच आलं नाही की ती वर येते."

"माझ्या डोक्यात तर पानाला पाठच नव्हती."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"होतात. तुम्हाला उगाच त्रास झाला, आणि त्यात माझा वाटा मोठा होता."

"आणि तुमचं मॉडेल?"

"तेही बरोबर होतं," ती म्हणाली. "सकाळी."

मीटरराव मोठ्याने हसले, इतके की नर्सने दारातून डोकावून दटावलं. मग त्यांनी ते पान शर्टाच्या खिशात जपून ठेवलं आणि तिला नात दाखवायला आत नेलं.

पुढचे आठवडे कामाचे गेले. पानाला पोट आणि पाठ द्यायची, सूर्यामागे त्याला वळवायचं, आणि जमीन जसजशी सुकेल तसतसं उलटं करायचं. म्हणायला सोपं, करायला नाकी नऊ आणणारं. दोनदा मॉडेलने असं काही शेत दाखवलं की पानं जमिनीखाली उगवली होती. एकदा तिने वैतागून संगणक बंद केला आणि घरी येऊन नवऱ्याबरोबर नुसते मटार सोलत बसली. तो म्हणाला, "आमच्याकडे माणूस वाकडा उभा राहिला, की त्याच्या फोटोतही निम्म्या बरगड्या दिसत नाहीत. आम्ही त्याला सरळ उभं करतो."

"सोयाबीनला कोण सरळ उभं करणार?" ती म्हणाली. पण मन हलकं झालं, आणि सकाळी गेल्यावर चूक सापडली.

कोरड्या दुपारचे आकडे बसले त्या दिवशी मीटरराव खुर्ची ओढून तिच्या पडद्यासमोर येऊन बसले. त्यांची दुपारची टिंबं आणि तिची रेघ. रेघ टिंबांमधून सुईत दोरा ओवावा तशी गेली होती. मीटररावांनी पडद्यावरच्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग ते आपल्या टेबलाकडे गेले, आणि थोड्या वेळाने गुणगुणणं ऐकू आलं. भलतंच बेसूर.

बैठकीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. "म्हणजे हा जो फरक आपण चूक समजत होतो, ते तहानेचं माप आहे?"

"सोयाबीनपुरता तरी," ती म्हणाली. "पानं किती वळली आहेत ते वरून कळलं, तर कुठल्या शेताला आधी पाणी द्यायचं ते कळेल. पानं गळायच्या आधी."

साहेब फारसं कौतुक करणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "मग पाण्याच्या कचेरीला तसं कळवू. या भागाचे जुने नकाशे मागे घ्या. आणि पुढची पाळी झाल्यावर ओल्या शेताची दुपार मोजून आणा. दोघं जा."

दोघं नाही, तिघं गेले. व्हॅन आता सासरेच चालवत होते, आणि केंद्रातही त्याला कुणाची हरकत नव्हती. शेताला पाणी मिळून दोन दिवस झाले होते. कालव्याच्या कडेने चालताना मातीचा ओला वास येत होता. भर दुपार होती, ऊन तेवढंच कडक. पण टपावरून शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद हिरवं दिसत होतं. एकाही पानाने पाठ फिरवली नव्हती.

तिने आधीच मॉडेलकडून आकडा काढून कागदाच्या कपट्यावर लिहिला होता आणि तो मीटररावांना न दाखवता मुठीत धरला होता. मीटररावांनी दांडी पिकावर धरली, वाचन घेतलं, मग पाटीकडे वळले.

"आजोबा, पाटी डावीकडे कलली आहे," ते म्हणाले.

"आजोबा तुम्हीही झालात. पाटी सरळ आहे, तुम्ही वाकडे उभे आहात."

"मी सरळ उभा आहे हो."

"बंदरावर मला कुणी असं म्हणालं नव्हतं."

"बंदरावर सोयाबीन नव्हतं."

ती बांधावर बसली, बूट काढले, आणि पाय ओल्या मातीत टेकवले. त्या दोघांचं भांडण लवकर मिटायची चिन्हं नव्हती. मुठीतला कपटा उघडायची तिलाही घाई नव्हती. थर्मासमधला चहा अजून गरम होता. तिने तिघांसाठी तो ओतायला घेतला.